टीचर खदिजाचे खडक

हेमा पेडणेकरला समुद्राचा नाद माहेराहूनच होता. देवगडजवळच्या एका खाडीकाठच्या गावात ती वाढली. सुट्टीत आत्याच्या मागून कोयती घेऊन कालवं काढायला जायची, आणि पुढे प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून कणकवलीच्या कॉलेजात थोडे दिवस शिकवलंही. मग शिरीषशी लग्न झालं. त्याला बहारीनमध्ये जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरी लागली आणि हेमाचं शिकवणं सुटलं ते सुटलंच. अराद भागातला फ्लॅट, मुलीची शाळा, मंडळाचा गणपती, दर उन्हाळ्यात गावी फेरी, यात केस पिकायला लागले. कस्तुरी पुढच्या शिक्षणाला नेदरलँड्सला गेली, तेव्हा घर इतकं गप्प झालं की फ्रिज सुरू झाला तरी हेमा दचकायची.

ते खडक तिला सापडले ते वाट चुकल्यामुळे. यार्डात शिरीषचा डबा पोचवून परतताना हिद्द गावाच्या मागल्या अंगाला गाडी भलतीकडे वळली. पुढे रस्ता संपला. एका बाजूला नवा भराव, लांब बंदराच्या क्रेन, दुसऱ्या बाजूला मासेमारांच्या चारदोन होड्या, आणि मधे ओहोटीने उघडा पडलेला करड्या दगडांचा पट्टा. हेमा चप्पल हातात घेऊन खाली उतरली. दगडाच्या फटीफटींत गोगलगायी चिकटून बसल्या होत्या. तिला एकदम गलबलून आलं. कितीतरी वर्षांत तिने एकही शंख असा जिवंत, आपल्या जागी बसलेला पाहिला नव्हता.

तिथेच एक बाई बसलेली होती. काळा पायघोळ अबाया गुडघ्यापर्यंत खोचलेला, पायात प्लॅस्टिकच्या सपाता, उजवा हात कोपरापर्यंत डबक्यात.

"फोटो लेने आया?" बाईने मान वर न करता विचारलं.

"नहीं. देखने."

"तो बैठो. खडा होके क्या दिखता?"

ती खदिजा. हिद्दच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. गाव तिला अजून टीचरच म्हणायचं, म्हणून हेमाही टीचर म्हणायला लागली. वडील हिंदुस्थानच्या बंदरांशी व्यापार करणारे, त्यामुळे हिंदी तिला घरातच मिळालं होतं. जिथे हिंदी अडेल तिथे इंग्रजी, इंग्रजी अडलं की अरबी, आणि तेही अडलं की हातवारे. एवढ्या सामग्रीवर दोघींचं सुरू झालं.

टीचरला साखरेचा आजार होता आणि त्याने डोळे खाल्ले होते. उजेड-अंधार कळायचा, माणसाचा आकार कळायचा, पण तळहातावरचा शंख दिसायचा नाही. ती बोटांनी ओळखायची. हेमा डबक्यातून काहीतरी उचलून तिच्या हातावर ठेवायची. टीचर आधी नखाने टोक चाचपायची, मग अंगठा वेटोळ्यांवरून खाली आणायची, आणि शेवटी तोंडाच्या कडेवर टेकवायची.

"हा जाडा. खांद्यावर मण्यांची ओळ. झाकण दगडासारखं घट्ट, गोल. हा तो रात्री चरायला निघणारा."

"लुनेला," हेमा म्हणायची.

"तुझं लॅटिन तू ठेव. दुसरा दे. हां, हा सोपा आहे. पोट सपाट, तोंडाशी दातांची ओळ, झाकण अर्ध्या चंद्रासारखं."

"नेरिटा."

"आणि हा लांबुडका, गाठीगाठींचा, आता मला चावायला बघतोय. यात गोगलगाय कुठाय? खेकडा घुसलाय भाड्याने. माझ्यासारखा नाही, तुझ्यासारखा. रेसिडेन्स परमिटवर." आणि आपल्याच विनोदावर टीचर इतकी हसायची की तिचा बुरखा मागे सरकायचा.

ओहोटी सकाळची असली की हेमा शिरीषचा डबा भरून थेट तिकडे जायची. टीचर लहानपणची घरातली अरबी नावं सांगायची, ती हेमाच्या जिभेवर काही केल्या बसायची नाहीत. हेमा कॉलेजातलं आठवून सांगायची, त्यातलं निम्मं चुकलेलं असायचं आणि घरी जाऊन शोधून दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायला लागायचं. शंख बघून झाला की तो होता त्याच दगडावर, होता तसा परत ठेवायचा, हा टीचरचा दंडक. रिकामे तेवढे घरी न्यायचे.

एका गोष्टीवरून मात्र दोघींचं कायम वाजायचं. दुसऱ्यांच्या कवचाला भोक पाडून आतला जीव खाणारी एक गाठाळ, दणकट गोगलगाय तिथे होती. काहींच्या तोंडाची कड जाड असायची, काहींची पातळ. हेमा म्हणायची, जात एकच, पातळ ती लहान आणि जाड ती वाढलेली. टीचर म्हणायची, दोन वेगळ्या.

"तू डोळ्यांनी बघतेस म्हणून फसतेस," टीचर म्हणायची. "माझ्या अंगठ्याला विचार."

"अंगठा म्हणजे पुरावा नव्हे, टीचर."

"मग पुरावा आण."

अशी भांडणं हेमाने कितीतरी दिवसांत कुणाशी केली नव्हती. घरी परतताना ती गाडीत एकटीच हसायची. शिरीषच्याही ते लक्षात आलं होतं. "तुजो चेरो बदललो हल्ली," एकदा जेवताना तो म्हणाला, आणि वाढून घेतलं.

टीचरच्या घरचं हेमाला थोडंफार ठाऊक होतं. नवरा बरीच वर्षं झाली वारला. थोरली मुलगी सायरा मनामात बँकेत. तिच्याच कुटुंबाबरोबर टीचर राहायची. आईने खडकांवर जाणं सायराला पसंत नव्हतं, पण सकाळी सगळे कामाला गेले की आई शेजारच्या म्हाताऱ्या मासेमाराच्या गाडीत बसून यायची. एकदा त्याची गाडी बंद होती म्हणून हेमाने तिला घरी सोडलं. तेव्हा टीचरने सायराचा नंबर हेमाच्या फोनमध्ये टाकायला लावला. "कधी मी पडले-बिडले तर," ती म्हणाली. "पण मी पडणार नाही. म्हणजे तू लावणारही नाहीस."

ती पडली नाही. हिवाळ्याच्या अखेरीस, एका वाऱ्याच्या सकाळी, हेमा पाण्यात वाकली होती तेव्हा तिला डबक्यात लाल धागा तरंगताना दिसला. टीचरच्या सपातीचा पातळ तळ कापला गेला होता, आणि कालवाची धार अंगठ्याच्या खाली खोलवर गेली होती. टीचरला पत्ताही नव्हता. तिच्या पायांना आताशा काही कळतच नसे.

"टीचर, रक्त."

"कुठे?" तिने खाली चाचपलं, बोटं नाकाशी नेली. "अरे. खरंच की." मग पाय डबक्यात बुडवून म्हणाली, "समुद्राचं पाणी. याच्यापेक्षा मोठं औषध नाही."

कालवाची जखम चिघळते हे कोकणातल्या पोराला शिकवावं लागत नाही. त्यात ही साखरेची बाई. तिने गाडीतून पाण्याची बाटली आणून जखम धुतली, आपली ओढणी फाडून बांधली, आणि लगेच दवाखान्यात चला म्हणून मागे लागली. टीचर बधेना. घरी जाऊन औषध लावते म्हणाली. शेवटी हेमाने तिला घरी सोडलं, तेव्हा गाडीतून उतरताना हेमाचं मनगट धरून म्हणाली, "सायराला कळता कामा नये. कळलं तर ती मला पुन्हा इथे येऊ देणार नाही. समजलं ना?"

पुढच्या ओहोटीला टीचर आली. पायात मोजा. कशी आहे जखम म्हटल्यावर म्हणाली, सुकली. त्याच्या पुढच्या वेळी आली तेव्हा लंगडत होती आणि स्वतःला ते माहीत नव्हतं. हेमाने हट्टाने मोजा काढायला लावला. अंगठा सुजून निळा-काळा झालेला, आणि असा वास की हेमाने तोंड फिरवलं.

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे. मी नेते."

"उद्या. इंशाल्ला."

"उद्या नाही, टीचर. हा पाय जाईल."

"माझे डोळे गेले तेव्हा डॉक्टरांकडेच जात होते मी," टीचर शांतपणे म्हणाली. "थोडा उजेड उरलाय. तो मला इथे घालवायचाय. तू मोजा घाल."

हेमाने मोजा घातला. घरी आली आणि दुपारभर तिला काही सुचेना. शिरीष आल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं.

"आपण परक्या मुलखातली माणसां," तो विचार करत म्हणाला. "तेंच्या घरच्या गजालींत आपण कित्याक पडाचा?" मग तिच्याकडे बघून त्याचा सूर उतरला. "पण तुज्या जिवाक घोर लागलो आसा. करून टाक फोन."

हेमाने फोन केला. पलीकडे सायराने आधी ऐकून घेतलं, मग एवढंच विचारलं, "कुठल्या पायाला?"

त्याच संध्याकाळी टीचरला हॉस्पिटलात नेलं. अंगठा काढला. तेवढ्याने भागलं नाही. विष वर चढलं होतं, पुढचं अर्धं पाऊल गेलं. सायराने हेमाला कळवलं की तुम्ही वेळेवर सांगितलंत, डॉक्टर म्हणाले आणखी उशीर झाला असता तर आई हातची गेली असती. हेमाने देवापुढे दिवा लावला. आणि टीचर घरी आल्याचं कळल्यावर खजूर आणि सफरचंदं घेऊन भेटायला गेली.

टीचर खिडकीपाशी आरामखुर्चीत होती. पायावर चादर. सायराने आईच्या कानाशी वाकून हेमा आल्याचं सांगितलं आणि कहावा, म्हणजे अरबी कॉफी, आणायला आत गेली.

"टीचर, कशा आहात?"

हेमा जवळच्या स्टुलावर बसली.

"मला माहीत आहे, तुम्ही रागावलात."

"मला मुली तीन आहेत," टीचर म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "काळजी करायला त्या पुरेशा आहेत. मला त्या ठिकाणी आणखी एक मुलगी नको होती. तू तिथे माझ्याशी भांडायचीस. जगात दुसरं कुणी माझ्याशी भांडत नाही. सगळे मला औषध देतात."

"मी गप्प बसले असते तर तुम्ही गेला असता."

"गेले असते. खडकावर गेले असते. आता या खुर्चीत जाईन."

"टीचर, मला ते बघवलं नसतं."

"तुला." टीचरने मान हलवली. "तुला बघवलं नसतं. खरं बोललीस."

कहाव्याचे पेले आले, गेले. निघताना तिने टीचरच्या हाताला स्पर्श केला. टीचरने हात काढून घेतला नाही, पण तो हात तसाच पडून राहिला, कुणाचा तरी विसरलेला असावा तसा. "खलास, हेमा," ती म्हणाली. "यल्ला. घरी जा. ऊन होईल."

दाराशी सायराने हेमाला मिठी मारली. "ती येईल ताळ्यावर. थोडे दिवस जाऊ द्या."

हेमाने थोडे दिवस जाऊ दिले. ती एकटीच ओहोटीला जाई, आणि सवयीने शंख उचलून बाजूला हात पुढे करी, आणि मग तो आपल्याच दगडावर परत ठेवी. एक दिवस तिला भरावाच्या भिंतीच्या सावलीत त्या गाठाळ गोगलगायींची बारकी पिल्लं सापडली. ज्वारीच्या दाण्याएवढी. तिने भिंग लावून पाहिलं. काहींच्या तोंडाची आतली बाजू जांभळट होती, काहींची दुधासारखी, आणि एवढ्या लहानपणीही एकीची कड जाड होती नि दुसरीची पातळ. जाती दोन होत्या. पहिल्यापासून दोनच होत्या. तिला इतका आनंद झाला की सांगायला बाजूला कुणी नाही हे आठवायला थोडा वेळ लागला.

ती तशीच, ओल्या सलवारीने, टीचरच्या घरी गेली.

"टीचर, पुरावा मिळाला. तुमचं खरं होतं. दोन वेगळ्या जाती आहेत." आणि दोन रिकामे शंख तिने टीचरच्या मांडीवर ठेवले, एक जाड कडेचा, एक पातळ.

टीचरचा चेहरा हलला. बोटं चादरीवर जराशी सरकली आणि थांबली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली, आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

बाहेर मुलांची शाळेची बस येऊन थांबली, गेली. शंख मांडीवर तसेच होते. शेवटी मोलकरीण चादर बदलायला आली, तिने ते उचलून टेबलावर ठेवले. त्यानंतर हेमा त्या घरी गेली नाही. सायराला अधूनमधून मेसेज करायची, सायरा उत्तर द्यायची: आई ठीक आहे, आज जेवली, आज साखर चढली.

उन्हाळ्यात हेमाला गावी जावं लागलं. सासऱ्यांचं ऑपरेशन होतं, मग पथ्यपाणी, मग पावसात घराचं छप्पर. निघायच्या आधी एकदा जाऊन यावं असं तिच्या मनात आलं होतं. पण पुन्हा ती पाठमोरी मान बघायचा धीर झाला नाही. आल्यावर बघू, असं तिने स्वतःला सांगितलं.

बहारीनला परतली, विमानतळावर फोन चालू केला, तर सायराचा मेसेज. दुसऱ्या पायाला जंतुसंसर्ग झाला होता. या वेळी कुठे कापलंही नव्हतं. आई काल गेली, दफनही झालं.

घ्यायला आलेला शिरीष सामानाची गाडी ढकलत होता. हेमा मध्येच थांबली तसा तोही थांबला. तिने फोन त्याच्या हातात दिला. त्याने वाचलं, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मागची माणसं वळसा घालून पुढे जात राहिली.

यार्डात शिरीषबरोबर काम करणाऱ्या मुख्तारने फोनवर सांगितलं की तीन दिवस लोक भेटायला येतात, बायका घरात बसतात, आणि काय म्हणायचं तेही सांगितलं. अज्जम अल्लाह अजरकुम, म्हणजे अल्लाह तुमच्या दुःखाचं मोठं फळ देवो. हेमा गाडीत तेच घोकत गेली. डोक्यावरून पांढरी ओढणी घेतली होती. दारात चपलांचा ढीग. आत भिंतीला लागून काळ्या कपड्यांतल्या बायका, कुणीतरी हळू आवाजात कुराण वाचत होतं. हेमा दाराजवळच्या कोपऱ्यात बसली. घोकलेलं सगळं विसरून गेली.

शेजारच्या म्हातारीने तिच्याकडे बघितलं, आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "तुम इधर काम करता था?"

"नहीं."

"नर्स?"

हेमाने नाही म्हणून मान हलवली. बहीण नव्हे, शेजारीण नव्हे, सोबत नोकरी केलेली नव्हे. ती काय सांगणार होती? मैत्रीण म्हणावं तर शेवटी टीचरने खलास म्हटलेलं. समोरून सायरा आली आणि तिने अरबीत म्हातारीला काहीतरी सांगितलं. म्हातारी "आ" म्हणाली, हेमाचा हात आपल्या सुरकुतल्या हातात घेतला, आणि मग तो सोडलाच नाही.

गर्दी ओसरल्यावर सायरा शेजारी येऊन टेकली. डोळे सुजले होते.

"सायरा," हेमाने विचारलं, "त्या कधी माझ्याबद्दल काही बोलल्या?"

सायराने तिच्याकडे पाहिलं. हो म्हणणं किती सोपं होतं, ते दोघींनाही कळत होतं.

"नाही," सायरा म्हणाली. "मी एकदोनदा काढलं तुमचं नाव. ती विषय बदलायची." मग थोडं थांबून, "माझ्याशीही ती तशीच वागली. तुम्ही फोन केलात, पण तिला उचलून गाडीत घातलं मी. आम्हाला हा उन्हाळा मिळाला तिच्याबरोबर. मला तो हवा होता. तिला नको होता. आता काय करायचं?"

हेमा रडली ती तेव्हा. सायराही. दोघी एकमेकींना टेकून.

त्या बायकांनी तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मोठ्या थाळ्यातला भात, हाताने. म्हातारी माशाचे काटे काढून तिच्या बाजूला सरकवत होती.

काही दिवसांनी सायराचा फोन आला. ऑफिसला जायच्या आधी एकदा ती जागा बघायची होती, न्याल का? ओहोटी बघून हेमाची गाडी पुढे आणि सायराची मागे अशा दोघी गेल्या. सायरा ऑफिसच्या बुटांत, पर्स सांभाळत, हेमाचा खांदा धरून दगडांवरून आली.

"इथे बसायच्या," हेमाने दाखवलं.

सायराने त्या दगडाकडे पाहिलं. साधा दगड होता, शेवाळाने काळपट. पलीकडे क्रेन कंटेनर उचलत होत्या. मासळीच्या घाणीचा वास सुटला होता, आणि भरावावर डंपर माती ओतत होते. ती माती मागच्या खेपेपेक्षा बरीच पुढे आली होती.

"इथे?" सायरा म्हणाली. "यासाठी?"

हेमाने वाकून फटीतला एक शंख अलगद सोडवला आणि तिच्या पुढे धरला. जिवंत होता, झाकण मिटून बसलेला. सायराने बोट लावलं, ओला गार स्पर्श होताच मागे घेतलं.

"मला यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "तिने आम्हाला कधी आणलं नाही. आम्हीही कधी येऊ का म्हटलं नाही."

मग तिने घड्याळ पाहिलं, मीटिंग होती. हेमाने तिला रस्त्यापर्यंत पोचवलं. गाडी वळेपर्यंत सायरा आरशातून मागे बघत होती.

हेमा खाली परतली. शंख अजून तिच्या हातात होता. तो कुठल्या फटीतून काढला होता ते तिला आठवेना. पाणी चढायला लागलं होतं. ती एकेक दगड वाकून बघत राहिली, तशी ओली जागा शोधत.